किलोभर तांदळाचे मिना

चंद्रपूरच्या तंत्रनिकेतनात मी तीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बरीचशी स्लग समजावण्यात घालवली. जुन्या इंग्रजी पुस्तकांत वस्तुमानाचं हे एकक असतं, साडेचौदा किलोच्या जरा वर. परीक्षेत येतं, पुढे जन्मात कुणाला लागत नाही. माझ्या मुलीने हे लहानपणीच ओळखलं आणि इंजिनिअरिंगला जाणार नाही म्हणून ठणकावून सांगितलं. ती जुन्या वस्तूंच्या नादी लागली, नागपूरला शिकली आणि आता दोन वर्षं ग्रीसमधल्या एका संग्रहालयात पुरातन वजनं साफ करून, तोलून नोंदवते. म्हणजे फिरूनफिरून मापांवरच आली, हे मी तिला ऐकवून घेतलं.

रविवारी तिचा फोन येतो. मी घरातल्या एखाद्या वस्तूचं वजन स्लगमध्ये सांगायचं, तिने ते ग्रीक मापांत करून द्यायचं, असा आमचा खेळ आहे. सहा ओबोलचा ड्रॅक्मा, शंभर ड्रॅक्मांचा मिना, साठ मिनांचा टॅलंट. टॅलंट म्हणजे आपले सव्वीस किलो, पण तेही गावागणिक वेगळे. भरलेला गॅस सिलिंडर दोन स्लग, असं मी म्हटलं की ती क्षणभर मनात हिशेब करते आणि सांगते, एक टॅलंट, पावणेआठ मिना. मी कागदावर ताडून बघतो. चूक सापडली तर मला आनंद होतो, कारण मग फोन आणखी पाच मिनिटं चालतो. तुझी आठवण येते असं आमच्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही. म्हणून सिलिंडर.

एक वजन मात्र मी तिला कधी विचारलं नाही.

ती निघाली तेव्हा बॅगेला तेवीस किलोची मर्यादा होती. मी मास्तर माणूस, प्रत्येक वस्तूचं वजन कागदावर लिहून बेरीज तंतोतंत जुळवली. त्यात मूल गावाकडच्या आमच्या शेतातला दोन पायल्या तांदूळ होता. बायकोने माझ्यासमोरच तो मोजला, ‘लाभ, दोन’ म्हणत. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. मी काठोकाठ सपाट पायलीचं वजन धरलं होतं. नागपूरच्या विमानतळावर बॅग किलोभर जास्त भरली. रांगेत सगळ्यांसमोर बॅग उघडावी लागली आणि मी चिडून बायकोला विचारलं की तू मोजलंस तरी काय.

‘‘पोरगी एवढ्या दूर चालली,’’ ती म्हणाली, ‘‘तिले सपाट मापानं काऊन देऊ?’’

तिने दोन्ही पायल्यांवर शीग लावली होती. लेकीला, पाहुण्याला देताना पायलीवर मावेल तेवढी रास चढवून द्यायची, हे मलाही ठाऊक होतं. हिशेबात धरायला मीच विसरलो. तो किलोभर तांदूळ मी माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधून परत आणला. बायकोने तो वेगळ्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवला आणि बजावलं की ती कायमची परत येईल त्या दिवशीच हा शिजेल. दर उन्हाळ्यात ती तो ऊन दाखवून पुन्हा भरायची. मी चिडवायचो, पण डबा जागेवर आहे ना हे येताजाता बघायचो.

मागच्या महिन्यात मुलीचा फोन रविवारी न येता मधल्याच वारी आला, कामाच्या जागेवरून. तिने व्हिडिओवर टेबल दाखवलं. शिशाचे चौकोनी तुकडे, एकावर कासव उमटवलेलं. ती एकेक उचलून ट्रेमध्ये ठेवत होती आणि शेजारची बाई लिहून घेत होती. मुलगी मोजत होती, ‘लाभ, दोन, तीन, चार.’ ती बाई हसली आणि तिने मोडक्या उच्चारात ‘लाभ’ म्हणून दाखवलं. मुलगी म्हणाली, तिलाही आता तीच सवय लागली आहे. बायको माझ्या खांद्याशी उभी होती.

मग मुलीने फोन तोंडाजवळ धरला. ‘‘बाबा, मले इथी पक्की नोकरी देऊन राह्यले. उद्या सांगायचं आहे. तुम्ही नाई म्हटलं तर मी येते.’’

ती खरंच आली असती. नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता, आणि तो तोंडाशी आलाही होता. मी काम आवडतं का ते विचारलं. ती लगेच हो म्हणाली, सिलिंडरच्या हिशेबाला लावायची तेवढाही वेळ न लावता.

‘‘मंग राह्य,’’ मी म्हणालो.

बायको आत गेली. फोन संपवून मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा डबा ओट्यावर उघडा होता आणि ती तांदळातला पाला वेचत होती. तो किलोभर म्हणजे दोन मिना, बत्तीस ड्रॅक्मा. मी मनातल्या मनात केव्हाच करून ठेवलं होतं.

जुना तांदूळ, भात मोकळा झाला. तिने माझ्या ताटात शीग लावून वाढला. माझ्याने तो संपला नाही.