भिजत घातलेला भोपळा

काल मिरजेत सिनेमा पाहिला, आरोप न ठेवता डांबून ठेवलेल्या माणसाचा. पडद्यावरचा वकील ओरडला, "चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करायला हवं होतं!" आणि माझ्या नाकात कुजक्या भोपळ्याचा वास शिरला.

अब्बा तंबोरे करायचे. मी कॉलेजात होते. एका सकाळी त्यांनी वाळका भोपळा कापण्याआधी मऊ व्हावा म्हणून हौदात भिजत घातला होता. तेवढ्यात पोलीस आले. "साहेब, एवढा कापून येतो," अब्बा म्हणाले. हवालदार हसला, "आवं, धा मिन्टांत सोडतो की." जाताना अब्बांनी बजावलं, "भोपळ्याला कुणी हात लावू नका." आमच्यात पहिला काप उस्तादच देतो. आम्ही वाट बघत राहिलो. चौकीवर रोज एकच उत्तर, "चौकशी चालू हाय." कसली, ते कुणी सांगेना.

हौदावर फेस धरला, आंबूस घाण गल्लीभर पसरली. चौथ्या दिवशी शेजारचे बापूकाका, अब्बांना नेल्यापासून पहिल्यांदाच, दारात आले. वाटलं, अब्बांचं विचारायला आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "लय वास सुटलाय. तेवढं फेकून द्या की."

मी माफी मागितली. आज त्या माफीचीच चीड येते. पाचव्या दिवशी अब्बांना सोडलं, कारण न सांगताच.

काल बापूकाका माझ्याच पुढच्या रांगेत होते. दिवे लागले तसे रुमालानं डोळे पुसत वळले. "बिचाऱ्याचं कुणी साधं विचारलंसुदिक न्हाई गं."

"काका," मी म्हटलं, "रुमाल नाकालाच लावा. डोळ्यांना शोभत न्हाई तुमच्या."