रंग खरवडलेले तीन फिल्टर

जालिंदर शिवशरण फिल्टर कापतो. सोलापुरात डिझेल इंजिनं उघडणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. गाडीतून निघालेला जुना फिल्टर फेकण्याआधी कापून बघणारा मला हा एकच माहीत आहे.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे त्याचं गॅरेज आहे. चार खांब, वर पत्रा. समोर कल्लप्पाशेठचं स्पेअर पार्टचं दुकान. त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग. तिथं मी मराठी शिकवतो. दोन तासांच्या मधे खाली उतरतो आणि जालिंदरच्या बाकावर बसतो. सहा वर्षं झाली. तो चोपन्नचा, मी एकोणतीसचा. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला दादा म्हणतो.

फिल्टर म्हणजे काय हे मला त्यानंच शिकवलं. इंजिनात तेल फिरतं, तेलातला कचरा फिल्टर अडवतो. बाहेरून तो पत्र्याचा डबा, मुठीपेक्षा थोडा मोठा. आत घड्या घातलेला कागद. तोंडाशी रबराची चकती. गाडी उभी असताना फिल्टरमधलं तेल खाली उतरू नये म्हणून ती चकती. रबर कडक झालं की तेल उतरतं. मग सकाळी इंजिन थोडा वेळ कोरडंच फिरतं. "उपाशीपोटी पळायला लावल्यागत," तो म्हणाला होता.

या रस्त्यावर फिल्टर घेताना कंपनीचं नाव कोणी घेत नाही. निळा द्या, पिवळा द्या, हिरवा द्या. जालिंदर निळा बसवतो. वीस वर्षं निळाच. दुसऱ्या मिस्त्र्यानं बसवलेला पिवळा गाडीतून निघाला की तो वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळतो, करवतीनं कापतो, कागद ओढून काढतो आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं बोलतो.

"बघा! डिंक सुटलाय. कागद हाय का बिडीचं पान?"

कल्लप्पाशेठ गल्ल्यावरून ओरडतात, "माझं गिऱ्हाईक पळव आता. निळा तरी माझ्याच दुकानातनं नेतोस की!"

हे रोजचं होतं. मला मजा वाटायची.

मे महिन्यातल्या एका सकाळी सिद्धराम पिकअप घेऊन आला. तो मैंदर्गीकडचा. घरची मेंढरं आहेत, आणि पिकअपमधून तो गावातल्या सगळ्यांची मेंढरं बाजाराला नेतो. अकरा वर्षं जालिंदरकडंच येतो. गाडी लावायची, चावी द्यायची, चहा प्यायला जायचं. कधी काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

"सकाळच्याला चालू केली की तेलाचा लाल दिवा जात न्हाय," तो म्हणाला. "पाच आकडं मोजूस्तवर ऱ्हातोय. इंजान खडखडतंय. मग गप हुतंय."

"कधीपासनं?"

"मागच्या टायमाला तेल बदललं तवापासनं."

जालिंदरनं वाकून खाली बघितलं. फिल्टर निळा होता. त्यानंच बसवलेला.

"पंप बघाय लागंल," तो म्हणाला. "फिल्टर बी नवा टाकू."

सिद्धराम चहाला गेला नाही. चावी बोटात फिरवत उभा राहिला.

"मिस्तरी, एक इचारू का?"

"इचार की."

"निळाच का वो?"

"चांगला हाय म्हनून."

"न्हाई, म्हंजे..." त्यानं रस्त्यापलीकडं बघितलं. "कल्लप्पाशेठ म्हनत हुते. जाऊ द्या."

"काय म्हनत हुते?"

"गमतीनं म्हनले."

"गंमत सांग."

सिद्धरामनं मान खाली घातली. "म्हनले, निळा त्येंचा रंग हाय. निळा मिस्तरी निळाच बसवनार. तू बिरोबाच्या भंडाऱ्यातला मानूस, तू पिवळा बसव."

जालिंदर रागावला की पाने आपटतो. लोखंडी पेटीत पाना असा टाकतो की वरच्या वर्गातली मुलं दचकतात. त्या दिवशी त्यानं हातातला पाना आवाज न करता खाली ठेवला. हात पुसले. रस्ता ओलांडला. मी मागं गेलो. सिद्धरामही आला.

"शेठ, माझा रंग कुठला?" त्यानं विचारलं.

कल्लप्पाशेठना लगेच समजलं. ते हसले. "अरे, मजाक केला रे. सिदू, पोटात काय ऱ्हात न्हाय का तुझ्या?"

"माझा शर्ट कुठल्या रंगाचा हाय?"

"अरे बाबा..."

"काळा हाय. तेलाचा. वीस वर्षं तेलाचा हाय. मी फिल्टर कापून दावतो, तुमच्या डोळ्यादेखत कापतो. आन तुमी रंग बघता?"

"बरं, मग तूच सांग." शेठही आता चिडले. "निळा झेंडा, निळा फेटा, निळी कमान तुमच्या गल्लीला. त्यात फिल्टर निळा. मानसाच्या मनात येतंच की. एन माडोदु, काय करनार? आन पिवळा तू सतरा येळा कापलास. निळा कवा कापलास? सांग."

जालिंदर थांबला. अर्धा क्षण. तेव्हा मला वाटलं, रागानं थांबला.

"तीन द्या," तो म्हणाला. "तिन्ही रंगाचे. या गाडीला बसतील असे. आन थिनर द्या."

परत येऊन त्यानं तीन फिल्टरांचं खोकं माझ्या मांडीवर ठेवलं.

"मास्तर, तू मागं जा. तिन्हीचा रंग उतरव. पार पत्रा दिसूस्तवर. बुडाला नंबर कोर. कुठला नंबर कुठला, कागदावर लिही आन खिशात ठेव. मला बी सांगू नको."

मी पत्र्यामागं बसून रंग उतरवला. थिनर, चिंधी, पॉलिश पेपर. तासभर लागला. वरचा वर्ग बुडाला. बोटं निळी-पिवळी झाली होती, ती रॉकेलनं धुतली, नाहीतर कशानं तरी कळलं असतं. खिळ्यानं नंबर कोरले. तीन डबे बाहेर आणून ठेवले तेव्हा मलाही ते ओळखू आले नसते. नुसता ओरखडलेला पत्रा.

कल्लप्पाशेठ दुकान सोडून आले होते. स्वतःचं स्टूल घेऊन आले होते.

जालिंदरनं एकेक डबा वाइसमध्ये धरला आणि कापला. करवतीचा आवाज आणि मागच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा. कागद लांबवून त्यानं घड्या मोजल्या. डिंकाच्या रेषेवर नख ओढलं. रबराची चकती अंगठ्यानं दाबली, दुमडली, सोडली.

"एक नंबर," तो म्हणाला. "बरा हाय. कागद पातळ."

"तीन नंबर. कचरा. हे रबर बघा. नवं कोरं हाय आन नखानं दबत न्हाय. असलं बसवल्यावर लाल दिवा न्हाय लागनार तर काय?"

मग दोन नंबर हातात घेतला. त्याचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैल झाला. "ह्यो बघा. घड्या भरगच्च. डिंक सरळ. रबर कसं हाय? बाळाच्या कानागत." तो कल्लप्पाशेठकडं वळला. "रंग न्हाय शेठ. आता तरी दिसतंय का? ह्यो निळा. मास्तर, वाच."

कागद माझ्या खिशात होता. काय लिहिलंय ते मला पाठ होतं.

"दादा, नंतर..."

"वाच."

"एक नंबर हिरवा," मी वाचलं. "दोन नंबर पिवळा."

"आन तीन?"

मी वाचलं नाही. गरज नव्हती. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, बघितला, परत दिला.

कल्लप्पाशेठनी मांडीवर थाप मारली. "भंडारा जिंकला रे सिदू!" हसत हसत ते स्टूल घेऊन निघून गेले.

गॅरेजच्या कोपऱ्यात भंगाराचं पिंप आहे. जालिंदरनं ते आडवं केलं. निघालेले जुने फिल्टर घरंगळले. त्यातले निळे त्यानं वेगळे काढले. नऊ होते. पहिला कापला. रबर कडक. दुसरा कापला. कडक. तिसरा. चौथ्याला करवतीचं पान तुटलं. नवीन पान लावलं. एका जागी बोटाला लागलं, रक्त आलं, ते त्यानं पँटला पुसलं. नववा कापून झाल्यावर तो उभा राहिला.

"चार वर्षं मी निळा कापला न्हाय," तो म्हणाला. "एकदा बी न्हाय. डबा तोच, छाप तोच. आतला माल बदलला साल्यांनी. आन मी दुसऱ्याचे कापत बसलो."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, तुला बी तसंच वाटत हुतं का?"

"कसं?"

"आता शिकलेल्या मानसागत करू नको. रंगामुळं बसवतो, असं?"

वाटत होतं. सहा वर्षं वाटत होतं. वाईट अर्थानं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. उलट कौतुकच वाटायचं. एका कवितेत लिहिलंही होतं. ती त्याला दाखवली नव्हती.

"हो," मी म्हणालो.

"मग त्यो कल्लप्पा बरा. तोंडानं बोलला."

मी बाकावर बसून राहिलो. जा म्हणाला असता तर बरं झालं असतं.

सिद्धराम खाकरला. "मिस्तरी, ऊन चढलं. पिवळा बसवून टाका आता."

"का?"

"आं?"

"पिवळा का?"

"तुमीच म्हनला की."

"मी म्हनलो म्हनून अकरा वर्षं निळा बसवून घेतलास. इंजान खडखडायला लागलं. मी म्हनलो हे कारन न्हाय. भंडाऱ्याचा रंग हे बी कारन न्हाय. तू सांग. कारन सांगितल्याबिगर मी पाना उचलनार न्हाय. तितं दुसरी गॅरेजं लई हायत, जा."

सिद्धरामचाही पारा चढला. "ह्ये काय मिस्तरी? मला काय कळतंय त्यातलं? मी मेंढरं राखनारा मानूस."

"मेंढरं मोजता येत्यात का?"

"येत्यात की!"

"मग मोज."

जालिंदरनं पिवळ्याचा कागद त्याच्यापुढं पसरला. सिद्धराम धुसफुसत उकिडवा बसला. घड्यांवरून बोट चालवू लागला. मेंढरं मोजतात तसं, विसाविसानं. प्रत्येक विसाला एक खडा बाजूला ठेवत होता.

"तीन इसा. दोन कमी."

"आता ह्यो." जालिंदरनं निळ्याचा कागद सरकवला.

सिद्धरामनं मोजला. मग पुन्हा मोजला.

"दोन इसा आन सा."

"आता रबर. दोन्ही दाब."

त्यानं दाबलं. पिवळ्याचं दुमडलं आणि उलगडलं. निळ्याचं दुमडताना कडेला चिरलं. तो त्या चिरीकडं बघत राहिला.

"म्हंजे तेल हितनं खाली उतरतंय," तो हळू म्हणाला. "म्हनून सकाळच्याला दिवा."

"आता कारन सांग."

"रबर मऊ हाय. कागद जादा हाय."

"मला नको सांगू. त्यानला सांग." त्यानं रस्त्यापलीकडं बोट केलं.

सिद्धराम उठून रस्त्याच्या कडेला गेला आणि कानडीत काहीतरी ओरडला. तो आणि कल्लप्पाशेठ एकमेकांशी कानडीच बोलतात.

"मराठीत," जालिंदर म्हणाला. "मला बी ऐकू दे."

"शेठ!" सिद्धराम ओरडला. त्याचा आवाज माळावर हाक मारून तयार झालेला. वर वर्गाच्या खिडकीत मुलं आली. "पिवळा बसवतोय! रबर मऊ हाय म्हनून! घड्या बारा जादा हायत म्हनून! मी मोजल्या!"

कल्लप्पाशेठ गल्ल्यावरून बघत राहिले. हसले नाहीत. एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडं वळले.

"जा, एक नवा पिवळा घेऊन ये," जालिंदर सिद्धरामला म्हणाला. "आन पुढच्या तेलाला ये तवा ह्यो बी कापनार. खराब निघाला तर ह्यो बी बंद. माझ्यावर इस्वास ठेवू नको."

त्यानं बोटाला चिंधी गुंडाळली, फिल्टर सोडवायचा पट्ट्याचा पाना घेतला आणि पिकअपखाली सरकला.