तिच्या लॅपटॉपची रॅम आम्ही ठरवली

आमच्या गटात कुठलाही निर्णय हात वर करून होत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बसायचं, आणि कुणी काही बोललं नाही की पटलं असं धरायचं. बहुमत म्हणजे दादागिरी, असं आम्ही पत्रकातून छापलेलं आहे. या पद्धतीने सतरंजीवर बसून आम्ही मोर्चाचे मार्ग ठरवले, घोषणा ठरवल्या, आणि मागच्या उन्हाळ्यात एका मुलीच्या लॅपटॉपची रॅमही ठरवली.

मुलगी आमच्यातलीच. पिपरी मेघेला घर, सावंगीला नर्सिंगचं शेवटचं वर्ष. पत्रकं तीच जुळवायची, स्वतःच्या लॅपटॉपवर. आम्ही त्याला ‘आपला लॅपटॉप’ म्हणायचो. त्या दिवसांत आर्वीकडच्या गावांसाठी पत्रक चाललं होतं: आम्हाला विचारल्याशिवाय आमची जमीन मोजू नका. पण मांडणी उघडली की लॅपटॉप गोठायचा. आत चारच जीबी. रॅमची एक जागा रिकामी होती. तिच्यात नवी आठ जीबी टाकायची की कुणाची वापरलेली चार, एवढाच प्रश्न. वर्गणीच्या डब्यातून वापरलेलीच येत होती. नवीसाठी प्रत्येकाला खिशात हात घालावा लागला असता, आणि हल्ली रॅमचे भाव विचारायची सोय नाही.

मी बोलायला लागलो. कंपन्या मुद्दाम वस्तू जुन्या ठरवतात, आपल्याला नव्याची चटक लावतात. चालती वस्तू सोडून नवी घेणं म्हणजे त्यांच्या दारात जाऊन लोटांगण घालणं. लिहितो तसंच बोललो, ठणकावून.

ती दाराशी चार्जरची वायर गुंडाळत होती. म्हणाली, “वापरलेली कशी निघन, कोणाले माहीत? माहा प्रोजेक्टबी त्याच्यातच हाय.”

“प्रोजेक्ट सगळ्यायचेच असतेत,” मी म्हणालो. “एकाच्या सोयीसाठी तत्त्व वाकवाचं का?”

ती पुढे काही बोलली नाही. म्हणजे पटलं. विषय संपला, चहा आला.

वापरलेली रॅम बसवली. थोडे दिवस लॅपटॉप बरा चालला, पत्रकही छापून गेलं. मग मध्येच निळा पडदा यायला लागला. बंद करा, सुरू करा, पुन्हा निळा. असाच एकदा ती प्रोजेक्टचा अहवाल लिहीत असताना आला, आणि ती फाइल नंतर उघडलीच नाही. जमा करायची तारीख तोंडावर. दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती. तिने फोनवर सांगितलं तेव्हा आवाज चढलेला नव्हता, याचीच मला भीती वाटली.

“थांब, मी आजच बैठक लावतो,” मी म्हणालो.

“काऊन? लॅपटॉप माह्या बाबानं घेऊन देल्ला. त्याईले बसवतं का सतरंजीवर?”

“मले वाटलं, तुले पटलं होतं.”

“तू बोलाले लागला की कोणाले पटत नाई, नेतेसाहेब? नाई म्हटलं असतं तर मी कंपनीवाली ठरली असती.”

मला उत्तर सुचलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. उत्तर सुचलं होतं. नव्या वस्तूही बिघडतात, हा मुद्दा जिभेवर तयार होता. तिचं वर्ष टांगणीला लागलेलं आणि मी मुद्दा शोधत होतो. हे आठवलं की आजही बोलता बोलता माझी मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी दुकानात ती आणि मी. तिने वॉरंटी विचारली, नवी आठ जीबी काढायला सांगितली आणि पर्स उघडली. मी माझ्याजवळ होते ते पैसे पुढे केले.

“दे,” म्हणाली, आणि न मोजता घेतले.

रॅम बसली. लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. तिने आधी ती जुनी फाइल उघडून पाहिली. उघडली नाही. मग तिने कोरं पान घेतलं, बॅगेतून वॉर्डातल्या नोंदींचे कागद काढले आणि दुकानाच्या बाकावरच टाइप करायला बसली.

मी शेजारी उभा होतो. कागद वाचून दाखवू का, असं विचारलं.

“नको. जाय तू. तू जवळ असला की मले सुचत नाई.”

मी गेलो.