पुढच्या चाकाची खाच
ब्रेक लायनर जळाल्याचा वास आला की मला माधवनगरचं ते गॅरेज आठवतं. थोरला भाऊ मोटरसायकलवरून पडून मिरजेच्या दवाखान्यात होता आणि मोडकी गाडी मी तिथल्या मिस्त्रीकडं नेली होती. त्यानं पुढचं चाक दोन गुडघ्यांत आवळून हँडल सरळ केलं, तरी चाक डावीकडंच वळलेलं राहिलं. मग वाकून बघत म्हणाला, "शॉकअप पडल्यावर वाकलेत रं. पण ही ब्रेकची प्लेट आधीपासनंच खाचेत नव्हती. ब्रेक दाबला की चाक जाम. कुणी बसवलं हे चाक?" अपघाताच्या आदल्या दिवशी पंक्चर काढून मीच बसवलं होतं. दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत भाऊ हळूच म्हणाला, "ब्रेक दाबला तवाच कळलं मला. घरात मी कुत्रं आडवं आलं म्हणून सांगितलंय." तो आजही लंगडतो. जेवताना दारात कुत्रं आलं की आई त्या कुत्र्याला शिव्याशाप देते आणि आम्ही दोघं भाऊ ताटातच बघत बसतो.