मेढीवरची दोन बोटं

लहानीचा हात आधी चालायचा आणि तोंड मागाहून. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं, नवसूनं, पिऊन येऊन थोबाडीत ठेवून दिली. हिनं त्याला मुसळानं असा बडवला की बाबा चार दिवस पालथा झोपला. पाचव्या दिवसापासून दोघांचं जे जमलं ते जमलंच. अशा बाईच्या घराला हात लावायला निघालेल्या माणसांनी वाडीत आधी विचारायला हवं होतं. पण सरकारी माणूस विचारतो कधी?

सिद्धगडाच्या पायथ्याशी बेहेड्याची वाडी, आणि वाडीच्या वरच्या अंगाला लहानीचं कुडाचं घर. आजेसासऱ्याच्या हातचं. मधोमध सागाची मेढ, सगळं छप्पर तोलणारा जाडजूड खांब. आमच्याकडे घर बांधताना आधी मेढ उभी राहते, तिला हळद लागते, कोंबडं पडतं, मग बाकीचं. घर मोडलं तरी मेढ कुणी चुलीत घालत नाही. पण कागदावर ती जागा होती सरकारी रान. ग्रामसेवक सांगायचा, "बाई, घरकुल मंजूर व्हायला जागा नावावर लागते. तू राहतेस जंगलात."

"मग राहू कुठं? तुज्या डोसक्यावर?" लहानी विचारायची.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात वरून हुकूम सुटला, रानातली अतिक्रमणं हटवा. एका सकाळी दहा-बाराजण कुऱ्हाडी, दोर घेऊन चढून आले. पुढे एक साहेब, आणि बाजूला गार्ड लडकू. हा लडकू सापगावचा. फेरीवर आला की लहानीच्याच ओट्यावर बसून नाचणीची भाकरी हाणायचा. मेल्यानं त्या दिवशी ओटा ओळखला नाही.

नवसू दारात आडवा झाला. एकानं काठी घातली, कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. म्हातारी धोंडीबाई, लहानीची सासू, आत धान्याच्या कणगीला मिठी मारून बसली होती, तिला केसाला धरून फरफटत अंगणात आणली. कूड पायाखाली कडाकडा मोडला. लहानी घरामागं फाटी फोडत होती. म्हातारीची किंकाळी ऐकून धावली ती हातात कोयता तसाच.

आत लडकू मेढीला दोर बांधत होता. डावा हात मेढीवर टेकवून बाहेरच्यांना ओरडला, "वढा रे!"

लहानीनं पूर्ण ताकदीनं कोयता हाणला. तो मेढीत खोल रुतला. मधे लडकूची करंगळी होती, आणि तिच्याशेजारचं बोट.

मग पाचजण तिच्यावर तुटून पडले. बुटांनी बरगड्या तुडवल्या, पुढचे दोन दात घशात घातले. हात बांधून तिला करंजाला टेकवली, आणि तिच्या डोळ्यांदेखत मेढ ओढून पाडली, बाकी घराला काडी लावली. चुलीवर आंबील शिजत होती, तीही जळाली. माणसं तिला घेऊन उतरली, तेव्हा धोंडीबाईनं फुटक्या कपाळाच्या लेकाला हाताशी धरलं, मेढ ओढत नाल्यावर नेली आणि चिखलात पुरली. चिखलातल्या सागाला वाळवी लागत नाही.

साहेब हुशार. नोटीस न देता राहतं घर मोडलं हे लिहिलं असतं तर त्याच्याच गळ्याशी आलं असतं. पंचनाम्यात आलं: मोकळ्या रानात झाडं तोडणाऱ्या बाईला हटकलं, तिनं हल्ला केला. खाली लडकूची सही. लहानी अकरा महिने तुरुंगात सडली. सुटून आली तेव्हा धोंडीबाई गेलेली होती.

पुढं वनहक्काचा कायदा आला. घर होतं याचा पुरावा द्या, जागा नावावर होईल, जागा झाली की घरकुलही बसेल. लहानीनं अर्ज भरला. उत्तर आलं, पंचनाम्यानुसार जागा मोकळी होती. म्हणजे मार खाल्ला, तुरुंग भोगला, आणि घर कधी नव्हतंच!

ती तडक सापगावला गेली. लडकू निवृत्त होऊन ओसरीवर बसला होता. तिला बघताच त्यानं काठी उचलली आणि तिच्या खांद्यावर घातली. लहानी हलली नाही.

"आणखी मार. पन साक्षीला ये."

"माजी बोटं तोडलीस नि साक्ष मागतेस, सटवे? तिथं घर नव्हतं. मी सही केलेय!"

"बरं, नव्हतं. मग मोकल्या रानात एकल्या बाईनं तुला कोयता का मारला, ते तरी सांग!"

दारात लडकूची बायको चंद्रकला उभी होती. गावात सात वर्षं कुजबुज होती: रानात बाईच्या अंगावर हात टाकला असेल, उगाच कोण तोडतंय? ती भरल्या आवाजानं म्हणाली, "हाच सवाल मी रोज गिळतेय. खरं काय ते बोला." लडकू आत गेला आणि धाडकन दार लावलं.

अर्ज पुन्हा तपासायला ग्रामसभा बसली, त्या दिवशी नवसूनं आणि वाडीच्या पोरांनी मेढ चिखलातून उपसली, धुतली आणि शाळेच्या अंगणात आणून ठेवली. आलेल्या अधिकाऱ्यानं बघितलं आणि हसला. "असलं लाकूड कुणीही आणील, बाई."

तेवढ्यात मागून माणसं बाजूला सरली. लडकू आला होता, मागं चंद्रकला. त्यानं मेढीपाशी गुडघे टेकले आणि डावा हात तिच्यावर ठेवला. तीन बोटं लाकडावर पसरली. जिथं पुढची दोन हवी होती, तिथं कोयत्याचा घाव होता, थोटकांना बरोबर लागून.

"घर व्हतं, सायेब," तो म्हणाला. "ही त्याची मेढ. मी दोर बांधत व्हतो. पंचनाम्यात खोटं लिवलं, नि मी सही केली."

चंद्रकलानं पुढं होऊन भर सभेत त्याच्या थोबाडीत मारली, आणि तिथंच बसून रडायला लागली. अधिकाऱ्यानं मान खाली घालून लिहायला घेतलं.

लडकूनं लहानीकडं बघितलं. "माफ कर गो."

"नाय करत," लहानी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मुठीत हळद होती. "हात काढ. मेढ उभी करायचीय."