‘काहून’चं ‘कानून’ करणारा फोन

तुमच्या बाबांनी आमच्यासाठी नवा फोन पाठवला तो निळा. आणि त्याच आठवड्यात मी मोहाडीला बाजाराच्या दिवशी जाऊन एक फोन घेऊन आले तो काळा. मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी मला सांगितलं नव्हतं. दोन्ही साधेच, बेताच्या किमतीचे. बाबा हसले आणि म्हणाले, “आई, दोन्ही नीट पाहून घे. जो आवडेल तो ठेव, दुसरा परत करू.” दोन्ही खोकी मी जपून ठेवली, आतल्या प्लास्टिकच्या पिशवीसकट.

खरं तर माझा जुना फोन चालत होता. नवा हवा होता तो तुमच्या आजोबांसाठी, आणि कशासाठी ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

तुम्हाला तो रविवार आठवत असेल. मोठीने फोनवर विचारलं होतं, “आजोबा, तुमचा गुडघा कसा आहे?” आणि आजोबा म्हणाले होते, “मोठा झाला आता. बांधून ठेवावा लागते, नाही तं धान खाते.” त्यांना ‘गुडघा’च्या जागी ‘गोऱ्हा’ ऐकू आलं होतं. आपल्या गाईचा गोऱ्हा तेव्हा नुकताच दावणीला बांधायला लागलो होतो. तुम्ही दोघं पोट धरून हसलात, मीही हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण त्यांना शब्द ऐकू आले नव्हते आणि हसणारे चेहरे तेवढे दिसले होते. पुढच्या रविवारी फोन वाजायची वेळ झाली तसे ते काठी घेऊन उठले आणि वावराकडे निघाले. त्यानंतर दर रविवारी वावरात काम निघू लागलं.

कानात घालायचं यंत्र आहे त्यांच्याकडे. फोनजवळ नेलं की ते शिट्टी वाजवतं. म्हणून ते कपाटात, कापसात गुंडाळून.

“तूच बोल,” ते म्हणायचे. “मले काही आयकू येत नाही. पोरायचा टाइम कायले खराब करू?”

मला वाटलं, मोठ्या आवाजाचा फोन आणला की हे बसतील. म्हणून दोन फोन हाती आले तसा मी त्यांचा रीतसर अभ्यास सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट पाहायची, आणि दोन्हींना सारखीच वागणूक. सकाळी दोघांची बॅटरी भरून ठेवायची. एकच भजन दोन्हींवर लावायचं. दुपारी अंगणात, उन्हात, एकच मजकूर दोन्हींवर उघडायचा.

निळ्याचा आवाज खणखणीत. स्वयंपाकघरात लावला तर गोठ्यापर्यंत ऐकू यायचा. वीज गेली तरी तो दिवसभर टिकायचा. पण पडदा लहान, आणि उन्हात नेला की अक्षरं पुसल्यासारखी व्हायची. काळ्याचा पडदा मोठा, उजळ, अक्षरं हवी तेवढी वाढवता येतात. मात्र आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि जरा वेळ वापरला की अंग तापायचं. बोटाच्या ठशानं उघडायची सोय दोन्हींत होती. माझं बोट दोघांनी ओळखलं. आजोबांचा अंगठा मात्र एकानंही घेतला नाही. रोवणी, कापणी, दोर, विळा यांत त्यांच्या अंगठ्याच्या रेषा कधीच झिजून गेल्या आहेत.

“यायले माहा अंगठा पसंत नाही,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघत बसले. “बैल घेतानी चालवून पायतात. तू नुसती दातच मोजून राहिली.”

आमची धाकटी जाऊ, म्हणजे तुमची काकीआजी, भिंतीपलीकडे राहते. अंगण एकच. ती तांदूळ निवडायचं सूप घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन फोन पाहून उभी राहिली.

“दोन दोन कायले, बाई? एका कानाले एक काय?”

“एक परत करायचा आहे.”

“मंग काळा ठेवा. नवरदेवासारखा दिसते.”

“आवाज नाही त्याला.”

“नवरदेवाले कुठं रायते आवाज?” ती म्हणाली आणि सूप घेऊन बसली.

आता तिच्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. घरच्या सुनेनं भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. आता नव्या सुना ती पाळत नाहीत, आणि पाळू नये असंच मला वाटतं. पण आमच्या जावेनं लग्न होऊन आली तेव्हापासून ती मोडली नाही. बोलायचं तर आहेच, म्हणून ती वाट काढते. आजोबा ओसरीत बसलेले असले की ती गोठ्याकडे तोंड करून म्हणायची, “अरे गोऱ्ह्या, चहा थंडा होऊन राहिला, कोणाले तरी सांग.” आणि आजोबा मुकाट्यानं कप उचलायचे. त्यांना ऐकू येणं कमी झालं तशी ही वाटही बंद झाली होती. गोऱ्ह्याला सांगितलेलं गोऱ्ह्यालाच कळायचं.

त्या दिवशी मी काळ्या फोनमध्ये एक सोय शोधून काढली होती. आपण बोलायचं आणि तो मराठीत लिहीत जातो. मी शाळेत शिकवताना बोलायची तसं स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून बोलले. त्यानं अगदी शुद्ध लिहिलं. मला बरं वाटलं. फोन जावेपुढे धरला.

“काय बोलू?”

“काहीही.”

तिनं एकदा ओसरीकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि फोनमध्ये म्हणाली, “भासऱ्यायले म्हणा, काहून रुसून बसले? पोरायची याद नाही येत काय?”

काहून म्हणजे का. फोननं लिहिलं, “बसणाऱ्याला म्हणा कानून रुसून बसले पोरांची याद नाही येत काय.”

मी तसाच तो ओसरीत नेऊन आजोबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं.

“कानून? कोणता कानून?”

“कानून नाही. काहून.” मी कागदावर लिहून दाखवलं.

“हे कोणाचं बोलणं?”

मी डोळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे खूण केली. त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी त्यांना तिच्या बोलण्याची चाल ओळखू आली असावी. ओठांच्या कडेला हसू आलं.

“म्हणा तिले, वावरात काम रायते.”

दारामागून उत्तर आलं, आणि आजोबांच्या हातातल्या फोनवर लिहिण्याची सोय सुरूच होती. “रविवारीच रायते काय?” हे मात्र फोननं अचूक लिहिलं. आजोबांनी वाचलं आणि फोन खाली ठेवला. पण रविवारी ते धुतलेला सदरा घालून ओसरीत बसले होते आणि काठी भिंतीला टेकलेली होती.

तुमचा फोन आला तेव्हा मी काळ्यावरच घेतला, कारण अक्षरं त्याच्यावर येत होती. तुमचे चेहरे आले, आवाज आला, पण लिहिणं बंद. बोलणं सुरू असताना फोनचा माइक त्या बोलण्यात गुंतलेला असतो, लिहिण्याला तो मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं. ज्या पडद्यावर तुम्ही, त्या पडद्यावर शब्द नाहीत. मोठी काहीतरी सांगत होती. आजोबा तिच्या ओठांकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात काठीकडे गेला. तो हात मला अजून दिसतो. आज उठले तर परत बसणार नाहीत, हे मला कळत होतं.

तेव्हा जावेचं बोलणं आठवलं. एका कानाला एक.

मी तुम्हाला म्हटलं, थांबा, परत लावते. निळा आणला, त्यावर तुम्हाला बोलावलं आणि त्याला पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. त्याच्या शेजारी काळा ठेवला, लिहिण्याची सोय उघडून, अक्षरं होतील तेवढी मोठी करून. निळ्याचा आवाज खणखणीत, तो काळ्यानं टिपला. निळ्यात मोठीचे ओठ हलले आणि काळ्यावर एकेक शब्द उमटत गेला, “आजोबा गोऱ्ह्याचं नाव काय ठेवलं.”

आजोबांनी आधी काळ्याकडे पाहिलं, मग निळ्याकडे, मग परत काळ्याकडे. “नाव कायचं? गोऱ्हा म्हणतो,” ते म्हणाले. “तूच ठेव.”

तुमचं मराठी त्या फोनला आमच्यापेक्षा बरं कळतं, हे माझ्या ध्यानात आलं. तुम्ही इतक्या दूर, आईकडून आणि गोष्टींच्या पुस्तकांतून शिकलेले, तरी तुमचा शब्द न् शब्द तो बरोबर लिहितो. आणि इथेच जन्मलेली आमची जाऊ बोलली की तो गोंधळतो. मला जरा वाईटही वाटलं. पण आजोबा वाचत होते आणि उत्तर देत होते, त्यामुळे ते वाईट वाटणं मी बाजूला ठेवलं. मध्ये एकदा तेच म्हणाले, “काहून?” तेव्हा काळ्यावर ‘कानून’ उमटलं. मी ते तुम्हाला सांगितलं, तेव्हा धाकट्याला ते फार आवडलं, आठवतं? तो पुढचा सगळा वेळ काहून, काहून करत राहिला.

मग बाबा पडद्यात आले. “मग आई, कोणता परत करायचा ठरवलंस?”

मी बोलायच्या आत काळ्यानं लिहिलं आणि आजोबांनी वाचलं. त्यांनी आयुष्यभर बैलजोड्या सांभाळल्या आहेत. डाव्या अंगाला चालणारा आणि उजव्या अंगाला चालणारा, एकमेकांना सरावलेले. त्यातला एक विकायचा विचारही ते करत नसत.

“जोडी हाये,” ते म्हणाले. “तोडू नका.”

तेवढ्यात धाकटा पुढे घुसला. “काहून?”

काळ्यावर आलं, “कानून.”

मी सांगायला पुढे वाकले, पण आजोबांनी हातानं मला थांबवलं. ते त्या शब्दाकडे पाहत राहिले. मग निळ्या फोनमध्ये, सरळ तुमच्याकडे बघून म्हणाले, “एक बोलते, एक लिवते. मले आयकू येत नाही न, बाबू. म्हून दोन लागतात.”

हे त्यांनी आजवर डॉक्टर आणि माझ्याशिवाय कोणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी कोणीही हसलं नाही. मोठी म्हणाली आणि काळ्यानं लिहिलं, “मग आम्ही हळू बोलतो.”

“हळू नोको,” आजोबा म्हणाले. “जसं बोलता तसंच बोला. मी वाचतो.”

स्वयंपाकघराच्या दारातून जाऊ गोठ्याकडे तोंड करून म्हणाली, “गोऱ्ह्या, आता तरी चहा घ्या म्हणा.” काळ्यानं तेही टिपलं, गोऱ्ह्याचं ‘गोऱ्या’ करून. आजोबांनी वाचलं आणि कप उचलला.

दोन्ही खोकी मी त्याच संध्याकाळी सपाट करून रद्दीत दिली.