पॅकर नंबर ४७

सकाळी बाबा गेले आणि दुपारी मी त्यांच्या आधार कार्डाच्या पाच झेरॉक्स काढल्या.

झेरॉक्सवाल्याने विचारलं, "एडमिशन माटे छे, बेन?"

मी हो म्हणाले.

अजून रडू आलेलं नाही. लोक येऊन जवळ घेतात, मी त्यांना चहा विचारते. नुसती बधिर झालेय.

आधार कार्ड सापडलं ते तन्वीच्या खोक्यात. त्या खोक्याबद्दलच लिहायचंय.

तन्वी माझी मुलगी. दोन वर्षांपूर्वी, तिसरीत असताना, शाळेने अॅक्टिव्हिटी दिली होती. 'माझे हिरो'. आपल्याला ज्यांच्यासारखं व्हावंसं वाटतं, त्यांचे फोटो लावून एक खोका सजवायचा.

खोका बाबांनीच आणला. धुळ्याहून इकडे सिल्वासाला आले तेव्हापासून ते जवळच्या सायली गावातल्या एका यार्न कंपनीत पॅकिंगला होते. रिटायर होईपर्यंत तेच काम.

तन्वीने झाकणाच्या मधोमध बाबांचा फोटो चिकटवला. गेटपासवरचा, डोळे अर्धवट मिटलेला.

मी तो काढला. गोंद ओला होता, लगेच निघाला.

"अगं, शाळेत हसतील तुला. सैनिक लाव, शास्त्रज्ञ लाव. आजोबा काय हिरो असतात?"

बाबा तिथेच बसले होते. जमिनीवर, हातात कात्री.

तन्वीने भोकाड पसरलं. बाबाच तिची समजूत घालायला लागले.

"तुन्ही माय बराबर सांगस, बेटा. मी जिंदगीभर काय करं? खोका भरात."

आणि कंपनीतला रंगीत वेस्ट धागा खोक्याच्या कडांना गुंडाळत बसले. एकही फेरा वाकडा नाही.

मी सॉरी म्हणाले नाही. सॉरी म्हणण्यासारखं काही झालंय, असं तेव्हा वाटलंच नाही.

खोक्याला दुसरा नंबर मिळाला. मग तो कपाटावर गेला आणि घरातले सगळे कागद त्यात पडू लागले.

आज आधार कार्डासाठी तो पहिल्यांदाच पूर्ण रिकामा केला. तळाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती.

कंपनीत प्रत्येक खोक्यात अशी चिठ्ठी टाकतात. माल खराब निघाला तर कुणी भरला ते कळावं म्हणून. बाबांच्या हाताला त्याची इतकी सवय, की एकदा गावी पाठवलेल्या लाडवांच्या डब्यातही त्यांनी ती टाकली होती. काकूचा फोन आला, "लाडू कडक निंघनात. तक्रार कोनले करू?" आम्ही आठवडाभर हसत होतो.

'पॅकर नं. ४७. तक्रार असल्यास ही चिठ्ठी परत पाठवावी.'

खाली बाबांची सही. शाळेच्या खोक्यातही सवयीने टाकली, की मुद्दाम? आता कुणाला विचारू?

तन्वीला चिठ्ठी दाखवली. ती आत गेली आणि कंपासपेटीतून तो गेटपासचा फोटो घेऊन आली. दोन वर्षं तिने तो जपून ठेवला होता.

झाकणावरचा सैनिक मी थोडा बाजूला घेतला. फोटो मधोमध लावला. डोळे अजून कोरडेच.

चुकलं माझं, बाबा.

नमस्कार करते. सावकाश जा.

माझी कसलीच तक्रार नाही. चिठ्ठी परत पाठवत नाहीये, माझ्याजवळच ठेवतेय.